समाजमंदिरात ठेवलेल्या बायका

"ए, तू उभी का? बस खाली. रांगेत बस."

साहेबाची काठी माझ्या खांद्याला लागली. जोरात नाही. गुराला वळवताना लावतात ना, तशी.

मी म्हटलं, "साहेब, मी..."

"तोंड चालवायचं नाय. खाली बस म्हटलं ना."

मी बसले.

हे आधीच सांगून टाकते. पुढं मी काय बोलले, काय केलं, ते सांगणार आहेच. पण ते ऐकून कोणी मला शूर समजायला नको. साहेब बस म्हणाला आणि मी बसले. फरशीवर. पदर सावरून. पकडून आणलेल्या बायकांच्या रांगेत.

तलासरीतलं समाजमंदिर. एरवी तिथं लग्नं होतात, साखरपुडे होतात, रेशनच्या मीटिंगा होतात. चैत्र संपत आलेला. वरचा पत्रा तापून तडतडत होता. चालू पंखा एकच, आणि त्याच्याखाली साहेबाची खुर्ची. भिंतीला टेकून सात-आठ बायका बसवलेल्या. मांडीवर पोरं. माझ्या बाजूला जी बाई होती ती जरा सरकली. मला भिंतीचा टेका मिळावा म्हणून सरकली. तू कोण, असं तिनं विचारलं नाही. तिला वाटलं, हिलाही पकडून आणलंय.

मी होमगार्ड आहे. होते, म्हणायला पाहिजे आता. त्या दिवशी मला ड्युटीसाठीच बोलावलं होतं. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेचा बंदोबस्त नुकताच संपला होता. वर्दी घामानं मिठासारखी पांढरी झाली होती, ती धुऊन वाळत घातली, आणि तेवढ्यात फोन आला. लेडीज पाहिजे, ताबडतोब. मी म्हटलं, वर्दी ओली आहे. फोनवरचा माणूस म्हणाला, जशी आहेस तशी ये. मी साडीवर गेले.

किती वेळ बसले माहीत नाही. मग आमच्या ठाण्याचे हवालदार पाण्याचे जार घेऊन आत आले. रिटायरमेंटला आलेला माणूस, आम्ही सगळ्या त्यांना काका म्हणायचो. त्यांनी मला पाहिलं आणि जार खाली ठेवला.

"अहो साहेब, ही आपली होमगार्ड. उधव्याची. लेडीज पाहिजे म्हणून तुम्हीच सांगितलं ना!"

साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मग हसला. "सेम टू सेम दिसतात रे ह्या. आता कपाळावर लिहिलंय का?"

त्याच्याबरोबर मुंबईहून आलेले पथकातले चौघे हसले. काका पण हसले. अर्धं हसले.

"चल, ऊठ. बाहेर चहा सांग. आणि साखर कमी सांग एकात."

मी उठले. चहा सांगितला. साखर कमी सांगितली.

आम्हा आदिवासींत आईला आयस म्हणतात. माझ्या आयसला मी असंच बसताना पाहिलंय. मी लहान होते. जंगलातून लाकडाची मोळी घेऊन आम्ही येत होतो, तिची मोठी, माझी चार काटक्यांची. रस्त्याच्या कडेला फॉरेस्टचा गार्ड उभा. म्हणाला, खाली बस. आयस मोळी उतरवायला लागली तर म्हणाला, उतरवायची नाय, डोक्यावर ठेवूनच बस. ती बसली. मान थरथरत होती. मला कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी मी तिच्या बाजूला बसले. तो बिडी ओढून होईपर्यंत आम्ही बसलो. मग तो म्हणाला, जा. आम्ही गेलो. घरी आल्यावर आयसनं त्यावर एक शब्द काढला नाही. भात शिजवला.

म्हणून म्हणते, मला बसायला कोणी शिकवावं लागलं नाही.

आता त्या बायका कोण ते सांगते.

मुंबईकडून गुजरातकडं जाणारी बस आमच्या हद्दीवर थांबवून तपासली होती. त्यात त्या सापडल्या. बाप्यांना दुसरीकडं नेलं, बायका-पोरांना ठेवायला ठाण्यात जागा नव्हती म्हणून समाजमंदिर. वरून आदेश होता. असले लोक शोधायचे, वेगळे काढायचे, पाठवून द्यायचे. कुठं पाठवायचे ते आमच्यापर्यंत आलेलं नव्हतं. रोहिंग्या हा शब्द मी टीव्हीवर ऐकला होता. टीव्हीवर तो शब्द नेहमी आरडाओरड्यात यायचा. त्या शब्दाला चेहरा असेल, त्याच्या पायाला भेगा असतील, त्याला पित्ताचा त्रास असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

जी सरकली होती तिचं नाव हमीदा. माझ्याच वयाची. बरोबर तिची सासू, जिला सगळ्या नानी म्हणायच्या, आणि मुलगी रुबिना, नुकतीच शाळेत जायला लागलेली. हमीदाला हिंदी येत होतं, हैदराबादचं हिंदी. तिकडं त्या कितीतरी वर्षं होत्या. नवरा भंगार निवडायचा. मग त्याला वापीला एका गोदामात काम मिळालं. त्यानं खोली बघितली आणि ह्यांना बोलावलं. खोलीला खिडकी आहे, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. हमीदानं मला ते दोनदा सांगितलं. खिडकी आहे.

ब्रह्मदेशात त्यांचं गाव होतं. नदीकाठी. लष्कर आलं, गाव जाळलं. तिचा धाकटा दीर पळताना मागं राहिला. मागं राहिला, एवढंच ती म्हणायची. त्याच्या पुढं कधी गेली नाही आणि मी विचारलं नाही. मग नदी, मग छावणी, मग आणखी एक सीमा, मग हैदराबाद. निर्वासित म्हणून मिळालेलं कार्ड तिनं प्लॅस्टिकमध्ये घालून गळ्यात ठेवलं होतं. साहेबानं ते पहिल्याच दिवशी बघितलं आणि तिच्या मांडीवर परत टाकलं.

"हे इथं चालत नाय. देश म्हणजे काय एसटी स्टँड आहे? आली बस, उतरा, बसा बाकड्यावर?"

तो हे मराठीत बोलला. हमीदाला कळलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, काय म्हणाले म्हणून. मी तिच्या पुढं पाण्याचा पेला सरकवला. काय सांगणार?

माझी ड्युटी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. दारात खुर्ची टाकून बसायचं. बाईला बाथरूमला जायचं तर बरोबर जायचं, दार लावू द्यायचं नाही. मी दार लावू द्यायची. बाहेर उभी राहायची. काका बघायचे आणि दुसरीकडं तोंड करायचे.

जेवण म्हणून वडापाव यायचा. सकाळी वडापाव, संध्याकाळी वडापाव. पथकासाठी हायवेवरच्या हॉटेलातून डबे यायचे, त्याचा वास सगळ्या हॉलमध्ये पसरायचा आणि पोरं गप्प व्हायची. पोरं रडली तर सोसतं. पोरं वासानं गप्प होतात ते सोसत नाही.

नानी वडापाव खाईना. घास तोंडात धरून बसायची. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी घरून तांदळाच्या भाकऱ्या नेल्या आणि बोंबलाची चटणी. धाकटी डहाणू गावच्या एका कोळणीकडून मी वर्षाचे सुके बोंबील घेते, ती आमच्या बाजारात येते. डबा उघडला आणि नानीनं मान वर केली. इतके दिवस ती जमिनीकडं बघत होती. तिनं बोटानं चटणी घेतली, वास घेतला, आणि काहीतरी बोलायला लागली. थांबेचना. हमीदा म्हणाली, "हमारे गाँव में भी ऐसे मछली सुखाते थे. नदी के किनारे. बोल रही है, नमक थोड़ा कम है."

मी हसले. नानी पण हसली, दात नसलेली. मीठ कमी आहे म्हणे. सगळं जळून गेलं, म्हातारी देशोदेशी फिरली, आणि तिला अजून मीठ कमी-जास्त कळत होतं.

घरी ही गोष्ट सांगितली तर नवरा भडकला. तो उंबरगावच्या बाजूला कंपनीत जातो. आमच्या पाड्याला ओढा आडवा आहे, ओढ्यापलीकडं गुजरात. कोंबड्यासुद्धा सकाळी गुजरातला जातात आणि संध्याकाळी महाराष्ट्रात येतात. घर इकडं, रोजगार तिकडं, अर्धी सोयरीक तिकडं. त्यामुळं सीमा म्हटलं की आम्हाला चेकनाका आठवतो, बाकी काही नाही.

नवरा म्हणाला, "आपली जमीन रस्त्यात गेली तवा कोणी आपल्याला भाकर आणून दिली? खुट्या ठोकून गेले, आपण कडेला उभे राहून बघत होतो. सरकारला आपलं पडलेलं नाय, आन् तू बाहेरच्यांसाठी चुलीपुढं बसतेस."

तो खोटं बोलत नव्हता. तेच अवघड आहे. तो एक शब्द खोटं बोलत नव्हता. आमची जमीन गेली. माझ्या मावशीचा पाडा रेल्वेच्या आखणीत गेला. किनाऱ्याच्या कोळ्यांना बंदराची धास्ती आहे, तेही वाट बघत बसलेत. इथं सगळेच कशाची तरी वाट बघत बसलेत. त्यात ह्या बायका आल्या.

मी ताटं घासायला घेतली. दिवसभर त्या हॉलमध्ये बसून भांडायला अंगात काही राहायचं नाही.

आयस कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "घराला आग लागली त माणूस पळंल नाय त काय करंल? आगीत बसंल?" आणि परत तांदूळ निवडायला लागली. नवरा अंगणात गेला. मी चूल विझवली.

तिकडं रुबिनाला माझी सवय झाली होती. केस विंचरून घ्यायला यायची. तिच्या केसात गुंता फार. मी नारळाचं तेल नेलं. माझ्या दोन गुडघ्यांमध्ये बसून ती हळूहळू तिचं तिचं गाणं म्हणायची, हैदराबादच्या शाळेतलं, एबीसीडीचं. साहेब एकदा बघत उभा राहिला.

"मेकअप चाललाय वाटतं. होमगार्ड का ब्युटीपार्लर?"

पथक हसलं. मी विंचरत राहिले. मला वाटतं त्याच वेळी त्यानं हेरलं, की ह्या बाईचं त्यांच्याशी जमलंय.

कारण मग एके दुपारी त्यानं मला बाहेर बोलावलं. पहिल्यांदाच नीट हाक मारली.

"ताई, जरा इकडं या."

ताई. या. मी चपापले. कुंपणाजवळ आंब्याच्या सावलीत तो उभा होता. काका थोडे लांब, गाडीला टेकून.

"बसा ना," साहेब म्हणाला. तिथं दगड होता.

"उभी आहे ते बरं आहे."

"बरं. ऐका. त्या हमीदाचा नवरा वापीला आहे. गोदामं शेकड्यानं आहेत, आपण किती शोधणार? तुमच्यावर विश्वास आहे तिचा. तुम्ही तिला सांगायचं, नवऱ्याला फोन लाव, इकडं बोलावून घे. तो आला की सगळ्यांना एकत्र हैदराबादला सोडणार. माझा फोन देतो. तुमच्या समोर लावू दे."

मी विचारलं, "खरंच सोडणार का, साहेब?"

भिंत बोलल्यासारखं त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"ते तुमचं काम नाय."

मी रस्त्याकडं बघितलं. समोर हायवे. ट्रकमागून ट्रक गुजरातकडं जात होते, कोणाला कोणी विचारत नव्हतं. मला आतली नानी दिसत होती. हमीदा दिसत होती, ती मला बघून कशी सरकली ते. तिला मी काहीही सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं. तेच साहेबाला पाहिजे होतं. माझी काठी, माझी वर्दी त्याला नको होती. तिचा माझ्यावरचा विश्वास पाहिजे होता, गळाला लावायला.

"मी सांगणार नाय, साहेब."

माझा आवाज इतका बारीक निघाला की त्याला ऐकूच गेलं नाही.

"काय?"

"मी तिला खोटं सांगणार नाय."

ताई संपली. "ए, तुला कळतंय का तू काय बोलतेस? देशाचं काम आहे हे. ऑर्डर आहे."

"ऑर्डर असंल तर तिला खरं सांगा. मी खरं सांगते तिला, तुम्ही सांगाल ते. खोटं नाय सांगणार."

"वर्दी उतरवीन अंगावरची."

आणि तिथं माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोलले नाही. कित्येक वर्षं ते आत कुठंतरी दबून बसलेलं असावं.

"त्या दिवशी वर्दी नव्हती माझ्या अंगावर, साहेब. तुम्ही मला त्यांच्यात बसवलंत. वर्दी काढली की मी कोण, ते तुम्हीच मला दाखवलंत. आता उतरवीन म्हणून भीती कशाला घालता?"

काकांनी गाडीवरून मान वर केली.

साहेबाचा चेहरा लाल झाला नाही, काही नाही. तो फक्त कंटाळल्यासारखा झाला. फोन खिशात घातला.

"तुम्हा लोकांना जरा माणसात घेतलं की हे असं," तो म्हणाला. "जा. आत जा. उद्यापासून यायचं नाय."

तुम्हा लोकांना. माणसात घेतलं की.

मी आत गेले. हमीदाच्या समोर बसले. माझी माझी बसले, कोणी सांगितलं म्हणून नाही. तिला म्हटलं, "तेरे मरद को बुलाने बोलेंगे. बुलाना मत. छोड़ेंगे नहीं."

ती दचकली नाही. तिला आधीच माहीत असावं. माणसं एवढं फिरली की त्यांना माहीत असतं. तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि हळूच मला त्याचा नंबर सांगितला. मी तो मनात म्हणत राहिले. संडासात गेले तरी म्हणत राहिले, पाणी भरताना म्हणत राहिले. नंतर साहेबानं दुसऱ्याच कोणाला तरी तिच्याकडं फोन घेऊन पाठवलं. ती म्हणाली, नंबर याद नहीं. त्यानं तिला शिव्या दिल्या. तिच्या आईवरून दिल्या. नानी तिथंच बसली होती.

दुसऱ्या दिवशी यायचं नाही असं सांगितलं होतं, तरी मी गेले. भाकऱ्या घेऊन. गाडी लागलीच होती. मोठी, जाळीची. बायका चढत होत्या. नानीला चढता येईना, पायरी उंच होती. एका पोलिसानं तिला काखेत हात घालून वर ढकललं, पोतं ढकलतात तसं. मी डबा हमीदाकडं दिला. कोणी अडवलं नाही, घाईत होते. रुबिनानं जाळीतून विचारलं, "आंटी, आप नहीं आ रहे?"

मी काकांना विचारलं, "कुठं नेताय?"

"मला माहीत नाय."

"काका."

"आयच्यान, पोरी. मला सांगितलेलं नाय."

गाडी हायवेला लागली. गुजरातकडं नाही, मुंबईकडं वळली. वापीच्या खिडकीच्या खोलीकडं पाठ करून.

मी रस्त्यावरच त्या नंबरला फोन लावला. पलीकडं पत्रे आपटल्याचे आवाज. त्याला सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या हिंदीत. पत्रे आपटत राहिले. मग त्यानं विचारलं, "अम्मी खाना खा रही थी?"

मी म्हटलं, हो.

त्यानंतर मला ड्युटीला फोन आला नाही. दहीहंडी गेली, गणपती गेले, नवरात्र गेलं. माझ्याबरोबरच्या बायका बंदोबस्ताला जातात, मी पाड्यावर असते. भाताच्या दिवसांत मजुरीला जाते. पाड्यावर काहीजण मला बर्मावाली म्हणतात. हसून म्हणतात, पण म्हणतात. शेजारच्या एका बाईनं नळावर विचारलं, तुला त्यांनी काय दिलं? मी म्हटलं, भिंतीचा टेका दिला. तिला कळलं नाही. समजवायला मला त्राण नव्हतं.

हमीदाचा नवरा फोन करायचा. दर थोड्या दिवसांनी. "बहन, कुछ मालूम पड़ा?" मी ठाण्यात जायची. पहिल्यांदा म्हणाले, वरून कळेल. मग म्हणाले, ते पथक वेगळं, आमचा संबंध नाही. मग बाहेरच बसवून ठेवायला लागले. मी जायची, यायची. त्याला सांगायची, नहीं भाई, नहीं मालूम. नाही सांगून सांगून माणूस थकतो. तो पण थकला असेल. फोन करायचं सोडलं नाही त्यानं, एवढंच.

मग मुंबईच्या एका वकीलबाईंचा मला फोन आला. हमीदाच्या नवऱ्यानं त्यांना गाठलं होतं. त्या बायका कुठं आहेत ते सांगा, म्हणून त्यांनी कोर्टात दाद मागितली होती. त्यावर सरकारचं उत्तर आलं होतं. वकीलबाईंनी मला ते शांतपणे सांगितलं.

अशा कोणी बायका तलासरीत ठेवल्याच नव्हत्या.

मी म्हटलं, परत सांगा.

त्यांनी परत सांगितलं. ठेवल्याच नव्हत्या. समाजमंदिर त्या दिवसांत रंगकामासाठी बंद होतं.

मी त्याच दिवशी जाऊन बघितलं. खरंच रंग दिला होता. पिवळा. भिंतीला टेकून टेकून बायकांच्या डोक्याच्या तेलाचे डाग पडले होते, ते दिसत नव्हते. हॉलच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस मला बघून मागच्या दारानं गेला.

वकीलबाई म्हणाल्या होत्या, "पकडलेल्यांतल्या नाही, पोलिसांतल्याही नाही, आणि तो हॉल आतून बघितलेला, अशा तुम्ही एकट्याच आहात. तुम्ही सांगितलंत तर केस उभी राहते. पण मी जबरदस्ती करणार नाही. तुम्हाला त्रास होईल."

त्रास होईल हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. दोनच दिवसांत काका घरी आले. मोटारसायकल ओढ्याजवळ लावून पायी आले, कोणी बघू नये म्हणून. आयसनं त्यांना पाणी दिलं. त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं, पाऊस, भात. मग म्हणाले,

"पोरी, मला तर काय आठवत नाय. वय झालं. तू पण विसर."

"तुम्ही पाण्याचा जार घेऊन आला होतात, काका. तुम्हीच त्यांना सांगितलं, ही आपली म्हणून."

त्यांनी पेला खाली ठेवला. "माझी पेन्शन आहे. पोराची नोकरी लागायची आहे. तुला काय वाटतं, मला झोप लागते?"

मला त्यांचा राग आला नाही. राग यायला माणसात काहीतरी ताजं असावं लागतं. ते म्हातारे दिसत होते. जाताना म्हणाले, "तुझी कागदपत्रं नीट ठेव. जातीचा दाखला, जमिनीचं, सगळं. विचारायला येतील." दारात थांबले. "मी सांगितलं म्हणून सांगू नको."

विचारायला आले. दोघे आले. पाड्यावर सगळ्यांसमोर विचारलं, तुझा जन्म कुठचा? तुझ्या आईचा कुठचा? पुरावा काय? आयस म्हणाली, "ह्या जांभळीखाली." ते म्हणाले, झाडाचा पुरावा चालत नाही. आयसनं त्यांच्याकडं बघितलं. तिनं आयुष्यात अशी माणसं खूप बघितली होती. ती उठून आत गेली, आणि ते "थांब, विचारतोय ना" म्हणत राहिले, तरी ती बाहेर आली नाही.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "जातेस कोर्टात?"

"जाते."

तो जेवत राहिला. जा म्हणाला नाही. नको जाऊ असंही म्हणाला नाही. हात धुताना म्हणाला, "आपलं नाव पण ह्यांनी असंच पुसलं होतं. रस्त्याच्या टायमाला मोजणी झाली तवा आपलं घर त्यांच्या नकाशात नव्हतंच. आठवतं?"

आठवतं. आम्ही घरात बसून भात खात होतो आणि नकाशात तिथं पडीक जमीन होती.

मला आता कसली आशा आहे म्हणून मी जात नाही. हमीदा सापडेल की नाही, मला माहीत नाही. नानी एवढ्या प्रवासात टिकली असेल असं मला वाटत नाही. रुबिना कुठल्या देशात, कुठल्या छावणीत आहे, तिला कोणी जेवायला घालतंय का, मला माहीत नाही. कोर्टात मला उलटेसुलटे प्रश्न विचारतील. तू किती शिकलेली, तुला कोणी पढवलं, ड्युटी गेली म्हणून सूड घेतेस का. तो साहेब समोर बसलेला असेल आणि माझ्याकडं बघून हसेल. मी ह्या सगळ्याची तयारी ठेवलीय. तयारी म्हणजे काय, रोज मनात ऐकते आणि रोज कामाला जाते.

सरकारला माणसं ठेवायची नसतील तर तसं उघड म्हणावं. आम्हाला नको आहेत म्हणावं. ते ऐकून मी त्यांच्याशी भांडेन, हरेन, पण ते माणसाशी भांडण असेल. माणूसच नव्हतं असं म्हणायचं, हे मी चालू देणार नाही. ज्या पोरीच्या डोक्याला मी तेल लावलं ती नव्हती, असं माझ्या तोंडावर कोणी म्हणायचं नाही. आज त्यांच्याबद्दल चाललं तर उद्या आमच्याबद्दल चालेल, आणि काल आमच्याबद्दल चाललंच आहे.

तारीख लागलीय. वकीलबाई म्हणाल्या, पुढं ढकलली जाऊ शकते. ढकलू दे. डहाणूहून पहाटेची गाडी आहे. जितक्या वेळा ढकलतील तितक्या वेळा मी त्या गाडीनं जाईन, आणि विचारतील तेव्हा त्यांची नावं सांगेन, मोठ्यानं, एकेक करून.